अस्सल मुंबई, किलोच्या भावाने

'अस्सल' या शब्दाचा मी फार धसका घेतला आहे. माझा आजवरचा अनुभव असा, की ज्या डब्यावर 'अस्सल साजूक तूप' लिहिलेलं असतं, त्यातलं तूप गरम केलं की घरात मेणबत्तीचा वास सुटतो. ज्या पेटीवर 'अस्सल देवगड' असा ठसठशीत छाप असतो, ती पेटी देवगड सोडून बाकी सगळीकडे फिरून आलेली असते. आमच्या आजीच्या तुपाच्या बरणीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. एक तर आजीला लिहिता येत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे बरणीत तूपच होतं. त्यामुळे तसं जाहीर करावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

तेव्हा पुण्याहून आलेला माझा पुतण्या अद्वैत सकाळच्या चहाबरोबर म्हणाला, "काका, मला या खेपेला अस्सल मुंबई बघायचीय," तेव्हा माझ्या नाकाशी तो मेणबत्तीचा वास आलाच.

"मग आतापर्यंत बघितलीस ती कुठली?" मी विचारलं.

"ती टुरिस्टांची. गेटवे, चौपाटी वगैरे. मला बंदराजवळची वस्ती बघायचीय. तिथली खाण्याची ठिकाणं, बार, छोटी छोटी दुकानं. जिथे टुरिस्ट जात नाहीत अशी."

"पण तू गेलास की तिथे टुरिस्ट गेला असं होणार नाही का?"

हा प्रश्न मी निव्वळ आळसापोटी विचारला होता. बाहेर ऊन होतं. पण पुढचे दोन दिवस तोच प्रश्न माझ्या मागे लागला. अद्वैतने मात्र तो बिस्किटाबरोबर चहात बुडवला आणि म्हणाला, "शिवाय आजोबा गोदीतच होते ना? मग तुम्हाला तर तिकडचं सगळं माहीत असेल."

"अर्थात!" मी म्हणालो.

वाचकहो, माणूस खोटं बोलतो तेव्हा सहसा लांबलचक बोलतो असं म्हणतात. मी एका शब्दात भागवलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, 1951 ते 1985 अशी चौतीस वर्षं मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते, हे खरं. पण त्या चौतीस वर्षांत मी तिकडे किती वेळा गेलो असेन? एकदा. तेही अर्धा तास. ते का, ते पुढे सांगतो. आधी सांगावं असं ते नाही.

तर आम्ही निघालो. मुंबईत हार्बर लाइन नावाची एक रेल्वे आहे. नाव हार्बर, पण तिच्यातून रोज लाखो माणसं जातात आणि बहुतेकांना हार्बर म्हणजे काय ते दिसत नाही. दिसते ती पुढच्या माणसाची पाठ. कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड अशी स्टेशनं येतात. कॉटन म्हटलं की कापसाच्या गाठी आठवाव्यात, डॉकयार्ड म्हटलं की जहाजं. आम्हाला आठवतं ते एवढंच, की इथे चढलं तर बसायला मिळत नाही.

पहिला मुक्काम बॅलार्ड इस्टेट. अद्वैत तिथे पोचताच खूश झाला. दगडी इमारती, सारख्या उंचीच्या, रुंद फुटपाथ, डेरेदार झाडं. "बघा काका, याला म्हणतात अस्सल जुनी बंदराची वस्ती!"

मी आदल्या रात्री थोडं वाचून ठेवलं होतं. 'अर्थात' म्हणणाऱ्या माणसाला रात्री अभ्यास करावा लागतो. मी म्हटलं, "ही जमीन आहे ना, ती मुळात जमीनच नाही. आताची इंदिरा गोदी, तेव्हाची अलेक्झांड्रा डॉक, खणताना जो चिखल-दगड निघाला तो समुद्रात लोटून ही बावीस एकर केली. त्यावर 1914 ते 1918 च्या सुमारास या इमारती उठल्या. जॉर्ज विटेटने आखल्या. तोच तो, गेटवे बांधणारा. आणि त्या अशा आखल्या, की बोटीतून उतरलेल्या साहेबाला आपण लंडनमध्येच उतरलो असं वाटावं."

अद्वैतचा चेहरा पडला. "म्हणजे खाली भराव, आणि वर लंडनची नक्कल?"

"थोडक्यात, हो."

"मग यात अस्सल काय आहे?"

"चिखल," मी म्हणालो. "चिखल इथलाच आहे."

पोटात काही गेल्याशिवाय असले प्रश्न सुटत नाहीत, म्हणून आम्ही तिथल्याच ब्रिटानियात गेलो. 1923 सालचं इराणी हॉटेल. नाव ब्रिटानिया, मालक इराणी, गिऱ्हाईक गुजराती, आणि आम्ही दोघे मराठी. बोमन कोहिनूर नावाचे वृद्ध मालक इथे टेबलाटेबलाशी जाऊन गप्पा मारत. 2019 साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. अद्वैतच्या यादीत इथला बेरी पुलाव पहिल्या नंबरवर होता. तो आला. भातावर लालचुटुक, आंबटगोड, इवल्याइवल्या बेऱ्या. अद्वैतने डोळे मिटून पहिला घास घेतला आणि म्हणाला, "शंभर वर्षांची चव आहे, काका."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वाचलेलं पोटात राहत नाही, तेवढाच जेवणाला जागा कमी पडते. मी म्हटलं, "हॉटेल शंभर वर्षांचं आहे. हा पुलाव कोहिनूरांच्या पत्नी इराणहून शिकून आल्या, 1980 च्या दशकात. म्हणजे माझ्या लग्नाच्या आसपासचा आहे."

अद्वैतने डोळे उघडले. डोळे उघडून खाल्लेला पुलावही तितकाच उत्तम लागत होता, हे मात्र त्याने कबूल केलं.

खरं सांगायचं तर मला इथेच एक शंका आली. बंदरात अस्सल शोधणं म्हणजे धर्मशाळेत मूळ रहिवासी शोधण्यासारखं नाही का? बंदर असतंच मुळी बाहेरचं आत येण्यासाठी. ज्या वडापाववर आपण मराठी बाणा सांगतो, त्यातला बटाटा, त्यातली मिरची आणि बाहेरचा पाव ही तिन्ही पोर्तुगीजांबरोबर जहाजातून उतरलेली मंडळी. आपलं म्हणावं असं त्यात बेसन आहे आणि भूक आहे. म्हणून वडापाव परका झाला का? नाही. तो इतक्या लोकांच्या इतक्या दुपारच्या भुकेला उपयोगी पडला, की त्याला इथलं नागरिकत्व मिळालं. कुठून आला यावर अस्सलपणा ठरत नसेल, तर कुणाच्या गरजेला उभा राहतो यावर ठरत असेल. हा विचार मला फार खोल वाटला. तो मी अद्वैतला सांगितला नाही, कारण तो बिल बघत होता आणि त्या क्षणी त्याच्या मनात वेगळाच खोल विचार चालू होता.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आता बार. माझ्या यादीत एक भागच आहे बारचा. दारूखाना."

मी हसलो. फार दिवसांनी मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण मी काही बोललो नाही. काही माहिती अशी असते की ती माणसाने स्वतः चालत जाऊन मिळवावी, विशेषतः दुपारच्या उन्हात.

रे रोडला उतरून पूर्वेला गेलं की दारूखाना लागतो. दारू आहे, पण ती तोफेत घालायची. इंग्रजांच्या काळात बंदुकीच्या दारूची कोठारं या बाजूला होती, त्यावरून हे नाव. पुढे इथे जुनी जहाजं फोडायचा धंदा वाढला, आणि त्यांच्या हाडामांसाची दुकानं. दुकानं म्हणजे काय, माणसाच्या मनगटापेक्षा जाड साखळदंड, कप्प्या, नांगर, गंजलेले पत्रे, दोरखंडांची वेटोळी. रस्त्यावर लोखंड, हातगाडीवर लोखंड, हवेतसुद्धा लोखंडाचाच वास. एक थेंब दारूचा दिसेल तर शपथ.

"इथे बार कुठे आहेत?" अद्वैतने एका दुकानदाराला विचारलं.

"कितने एम.एम. का?" दुकानदार म्हणाला, आणि सळ्यांच्या ढिगाकडे हात केला.

तरी अद्वैत हरला नाही. त्याला तिथे एक पितळी खिडकी दिसली, जहाजाला असते तशी गोल, जाड काचेची. ती त्याला कोथरूडच्या फ्लॅटमध्ये लावायची होती. कोथरूडला समुद्र नाही, पण पावसाळ्यात रस्त्यावर जे साचतं त्याला ती पुरली असती. त्याने भाव विचारला. दुकानदाराने ती वजनकाट्यावर ठेवली.

"वजनावर?" अद्वैत दुखावला. "पण ही अँटिक आहे. हिला काही इतिहास असेल."

"इतिहास का अलग नहीं लेता," दुकानदार म्हणाला. "पितल का लगता है."

मग त्याने आमच्याकडे नीट निरखून पाहिलं, आमची पायताणं पाहिली, आणि आतून दुसरी खिडकी काढली. नवी कोरी, पण जुनी दिसेल अशी, मुद्दाम हिरवट डाग पाडलेली. "साहब लोग ये ले जाते हैं. हल्की है." ती किलोवर नव्हती. तिची किंमत जुनीच्या दुप्पट होती. तिच्यात इतिहास धरलेला होता.

अद्वैतने दोन्ही घेतल्या नाहीत. मला वाटतं, दोन्हींपैकी कोणती अस्सल हे त्याला कळलं होतं, पण कोणती भिंतीवर अस्सल दिसेल हेही कळलं होतं, आणि या दोन कळण्यांच्या मध्ये तो अडकला.

संध्याकाळी आम्ही डॉकयार्ड रोडच्या बाजूला एका पर्मिट रूममध्ये शिरलो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे, आणि त्याच्या हिशेबाने पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. म्हणून त्या खोलीला पर्मिट रूम म्हणायचं. आत परवाना सोडून बाकी सगळं होतं. ट्यूबलाइट, सनमायकाची टेबलं, भिंतीवर देवांच्या तसबिरी, एका बशीत उकडलेले शेंगदाणे. मी आयुष्यात अशा जागी दुसऱ्यांदा आलो होतो, आणि पहिल्यांदा चुकून. मी लिंबूसोडा मागवला. वेटरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी इस्पितळात जाऊन रव्याचा लाडू मागितला होता.

पलीकडच्या टेबलावर चार जण बसले होते. खांद्यावर ओझी उचलून उचलून आलेला एक उतार त्यांच्या बसण्यात होता. कामावरून सुटलेले माथाडी. बोलण्यावरून सातारकडचे. त्यांच्यातला एक, पन्नाशीचा, पेला हातात घेऊन नुसताच समोर बघत होता. दिवसभराचं ओझं उतरवलं तरी ते थोडा वेळ खांद्यावर राहतं, तसं काहीतरी चेहऱ्यावर होतं. अद्वैतला ते दिसलं. मला वाटतं, ते त्याला दिसलं हा त्याचा चांगुलपणा. पण मग त्याने मोबाइल काढला आणि फोटो घेतला, हा आपल्या काळाचा स्वभाव.

तो माणूस उठला. आमच्या टेबलाशी आला. माझा लिंबूसोडा माझ्या घशात होता तिथेच थांबला.

"फोटो काढला व्हय?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"हो... म्हणजे... सॉरी. खूप अस्सल वाटलं म्हणून," अद्वैत म्हणाला.

"आसल का," तो म्हणाला. थोडा विचार केला. "मंग आसं करू. तुमचा पत्ता द्या. येतो उद्या सांच्याला. तुम्ही कामावरून येऊन पाय पसरून बसला आसाल, वहिनी चपात्या लाटत आसतील. मीबी काढतो एक. आसल."

खरं म्हणजे आमच्याकडे चपात्या बाहेरून येतात आणि संध्याकाळी पाय पसरून बसते ती आमची सौ. पण ही दुरुस्ती सुचवायची ती वेळ नव्हती. अद्वैतने त्याच्यासमोर तो फोटो पुसून टाकला. तो माणूस 'बरं' म्हणाला. जायला वळला, आणि मग बहुधा आमचे चेहरे बघून त्यालाच आमची दया आली असावी. "राग नाय," तो म्हणाला. "घरी सांगितल्यालं नाय, येवडंच. जेवायचं आसंल तर हितं नका जेवू. डिमेलो रोडला आमची खानावळ हाय." त्याने खूण सांगितली. "पन एकच्या आत उठा. एकला आमाला जागा लागती."

त्या रात्री मला झोप आली नाही. बेरी पुलाव हे एक कारण असेल. दुसरं कारण आता सांगतो.

1968 साली मी पाचवीत होतो. वर्गात गुरुजी एक तक्ता भरत होते: नाव, पत्ता, वडिलांचा व्यवसाय. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाचे वडील बँकेत होते, मागच्याचे डॉक्टर. माझी पाळी आली. टॅली क्लार्क म्हणजे काय, तर जहाजातून उतरणाऱ्या गोण्या मोजणारा माणूस. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे कागदच्या कागद. अण्णा घरी दुधाचा हिशेबही कॅलेंडरवर तसाच मांडायचे, आणि आंब्यांच्या पेटीतले आंबेही तसेच मोजायचे. त्यांच्या शर्टाला कधी खजुराचा, कधी मिरचीचा, कधी नुसत्या गोणपाटाचा वास यायचा. मी गुरुजींना सांगितलं, "पोर्ट ट्रस्टमध्ये ऑफिसर."

तो तक्ता पुढे प्रगतिपुस्तकावर उतरला, आणि प्रगतिपुस्तक सहीसाठी अण्णांकडे आलं. त्यांनी ते वाचलं. काही बोलले नाहीत. सही केली. फक्त ती नेहमीपेक्षा जरा लहान आली.

त्यानंतर महिन्याभराने असेल, गणपतीच्या सुट्टीत ते मला गोदीवर घेऊन गेले. आत पास लागतो, म्हणून ग्रीन गेटच्या बाहेरच एका इराण्याकडे बसवलं. संगमरवरी टेबल, त्यावर आमच्यासमोर दोन खलाशी आणि एक ओझेवाला, घामाने निथळलेले. अण्णांनी एक बनमस्का मागवला. माझ्यासाठी. मी इकडेतिकडे बघून विचारलं, "अण्णा, इथे वर फॅमिली रूम नाही का?" ते म्हणाले, "नाही." मी भराभरा खाल्लं आणि म्हटलं, "चला ना घरी." हा तो अर्धा तास. तुम्ही का खात नाही, असं मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर 'भूक नाही' म्हणाले असते, आणि ते मला खरं वाटलं असतं.

चौतीस वर्षं त्यांनी पोळीभाजीचा डबा नेला. त्या भागातल्या हॉटेलांच्या पदार्थांबद्दल त्यांचं काहीही मत नव्हतं. आणि मी, ज्याला त्या जागेची लाज वाटली होती, तोच आता साठी उलटल्यावर पुतण्याला मोठ्या दिमाखात तीच जागा दाखवत हिंडत होतो. म्हणत होतो, "तुझे आजोबा इथेच होते बरं का!" पन्नास वर्षांपूर्वी लाज मिरवली, आता अभिमान मिरवतोय. मिरवणूक तीच. अण्णा दोन्ही वेळा त्यात नव्हते. ते तिकडे रेघा ओढत होते.

आणि हा अभिमान मला आत्ताच का सुचावा? कारण आता ते सगळं गेलं. 1989 साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं. कंटेनर आले. कंटेनर आला तशी गोणी गेली, गोणी गेली तसा गोणी मोजणाराही गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या बुजवून टाकल्या. 14 एप्रिल 1944 ला फोर्ट स्टिकीन हे जहाज ज्या व्हिक्टोरिया गोदीत फुटलं, आणि ज्या आगीत इतके अग्निशमन जवान गेले की देशभर तो दिवस आजही त्यांच्या नावाने पाळतात, ती गोदीसुद्धा आता पाण्याची राहिलेली नाही. खुद्द पोर्ट ट्रस्टचं 2021 च्या कायद्याने पोर्ट अथॉरिटी झालं. वस्ती धडधाकट असते तेव्हा ती नुसती वस्ती असते. घाम, वास, गर्दी. ती आजारी पडली की आपण फुलं घेऊन भेटायला जातो आणि म्हणतो, किती अस्सल आहे हो!

मग जाऊच नये का? हा प्रश्न मी पहाटेपर्यंत उलटसुलट करून पाहिला. न जाण्यात फार मोठी नीती आहे असं काही मला वाटेना. न जाण्याचा प्रयोग मी आयुष्यभर केला आहे, त्यातून कुणाचं भलं झालेलं नाही. हॉटेल चालायचं तर गिऱ्हाईक लागतं, आणि पुण्याच्या गिऱ्हाईकाचा पैसाही गल्ल्यात तितकाच वाजतो. बघणं हाही काही गुन्हा नाही. नाहीतर मग प्रवास, लग्नं आणि शेजारी, सगळंच बंद करावं लागेल. गडबड होते ती दुसऱ्याची गरज आपण चवीसाठी खायला बसतो तेव्हा नाही. ती होते, आपण तिथे पाहुणे आहोत हे विसरून परीक्षक होतो तेव्हा. तू अस्सल, तू नक्कल, तू टुरिस्टांसाठी, असे शेरे मारत सुटतो. आणि हा शेरे मारायचा अधिकार मला कुणी दिला? मी तर एकदाच आलो होतो, आणि फॅमिली रूम विचारली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या खानावळीत गेलो. बरोबर साडेबाराला. पाटी नव्हती. आजीच्या बरणीसारखं. लांब बाकं, स्टीलची ताटं. बाजरीची भाकरी, अख्खा मसूर, चिरडलेला कांदा, मिरचीचा ठेचा. अद्वैतने मोबाइल खिशातून काढला नाही. मी त्याला सांगितलं नव्हतं. ठेचा खाल्ल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र त्याने बिनदिक्कत येऊ दिलं. वाढणारा मुलगा दर भाकरीमागे दारावरच्या पाटीवर खडूने रेघ ओढत होता. चार उभ्या, पाचवी आडवी.

"हे काय करतोय तो?" अद्वैतने विचारलं.

"टॅली," मी म्हणालो. "तुझे आजोबा हेच करायचे. ऑफिसर नव्हते ते. गोण्या मोजायचे."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो. छप्पर कोसळलं नाही. अद्वैत एवढंच म्हणाला, "दिवसभर? उन्हात? मग चुकत नसेल का मोजणं?"

"नाही," मी म्हणालो. "चुकलं तर पगारातून कापतील अशी त्यांना धास्ती असायची. घरी आंबेसुद्धा कधी चुकले नाहीत."

एक वाजायला सात मिनिटं असताना दारात माणसं दिसायला लागली. त्यात कालचाही होता. त्याने आम्हाला ओळखलं की नाही कळलं नाही, कारण त्याचं लक्ष भाकरीकडे होतं. अद्वैतचा शेवटचा घास ताटात होता. त्याने तो उभं राहून खाल्ला. आम्ही उठलो, पैसे दिले आणि आमच्या जागेवर दोन जण बसले. इतक्या चटकन बसले की बाक गारसुद्धा झालं नसेल.

मला वाटतं, सगळ्या तत्त्वज्ञानाचं सार त्या एका वाक्यात होतं, आणि ते मला माथाड्याने फुकट दिलं: एकला आम्हाला जागा लागते. या, बसा, पोटभर खा. पण ही जागा कुणाची आणि कितीला, हे लक्षात ठेवा. वेळेवर उठता येणं हे मला हल्ली फार मोठं शील वाटायला लागलं आहे. (सभांमधल्या वक्त्यांनाही ते लागू आहे, पण तो विषय वेगळा.)

घरी आलो तर सौ.ने विचारलं, "काय मग, सापडली का अस्सल मुंबई? काय खाल्लंत?"

"भाकरी, मसूर आणि कांदा," अद्वैत म्हणाला.

"अगं बाई! एवढ्यासाठी दोन दिवस हिंडलात? मी केली असती की घरी!"

"पण काकू, तुमच्याकडे एक वाजता उठायला कोण लावतं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी कॅलेंडरकडे बघत होतो. तिथे दुधाच्या हिशेबात तिने नेहमीसारखे इंग्रजी आकडे घातले होते. मी पेन्सिल घेतली, आकडा खोडला, आणि चार उभ्या रेघा ओढल्या.

"हे काय आता नवीन?" ती म्हणाली.

"जुनं आहे," मी म्हणालो, आणि पाचवी आडवी ओढली.

ती जरा वाकडी आली. अण्णांची कधी वाकडी येत नसे.